कोठीबाईंचे डबे

माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल सांगायचं, तर आधी एक कबूल करून टाकते. मला त्या आवडत नाहीत. लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी आवडल्या नाहीत आणि आज सोळा वर्षांनीही आवडत नाहीत. त्यांनाही मी आवडत नाही. आमचं दोघींचं एकमत होतं ते एवढ्या एकाच बाबतीत.

गल्लीत त्यांना सगळे कोठीबाई म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी त्या रागावत नाहीत, कारण नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं त्यांनी मेसची कोठीच सांभाळली. पोती उतरवून घ्यायची, रोजचा शिधा मोजून स्वयंपाक्याला द्यायचा, उरलेलं कुलपात टाकायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर बागेत फिरायला जातात. बाईंनी घरात दुसरी कोठी काढली. खरं तर ती आधीपासूनच होती, निवृत्तीनंतर तिला पूर्ण वेळ मिळाला एवढंच.

घराच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. खिडकी नाही, भिंतीला ओल नाही, दाराला कुलूप आणि किल्ली बाईंच्या कमरेला. आत लोखंडी मांडणी, तिचे पाय विटांवर, आणि मांडणीवर पत्र्याचे चौकोनी डबे. तांदूळ, डाळ, पीठ, वाटाणे, साखर, मीठ, दुधाची पावडर. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या कडेनं मेण ओतून हवा बंद केलेली. खाली तेलाचे डबे, पाण्याची पिंपं, काड्यापेट्या, मेणबत्त्या. घरातल्या प्रत्येक माणसाला सहा महिने पुरेल एवढं.

आता साठा काय, बरीच माणसं करतात. बाईंची तऱ्हा वेगळी होती. त्यांचा साठा घराचा नव्हता, माणसांचा होता. मांडणीवर प्रत्येकाचा खण वेगळा, आणि खणाला चिकटवलेल्या कागदावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात तो कुणाचा ते लिहिलेलं. सासूबाईंच्या खणावर ‘आई’. बाईंच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या खणावर ‘हे’. माझ्या नवऱ्याच्या खणावर ‘धाकटे’. स्वतःच्या खणावर ‘मी’. माझ्या खणावर ‘ती’. मला मुलगी झाली तेव्हा एक छोटा खण वाढला, त्याच्यावर ‘तिची’.

‘ती’ वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवऱ्याला म्हटलं, मला नाव नाही का? तो म्हणाला, “वहिनीनं तिच्या नवऱ्याचंही नाव लिहिलेलं नाही, तू कुठं मनाला लावून घेतेस?” तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढून तो इतका थंड डोक्याचा झाला होता की त्याच्याशी भांडण रंगतच नसे.

वर्षातून एकदा बाईंचा मापाचा आठवडा यायचा. सात दिवस आम्ही ताट घेऊन ओट्यापाशी रांगेत उभं राहायचं. बाई भाताचं, डाळीचं, पावाचं वजन करणार, वहीत टिपणार, मग आम्ही जेवणार. जेवून झालं की उष्टं ताट पुन्हा काट्यावर. कोण किती खातो ते असं ठरायचं आणि त्यावर पुढच्या वर्षीचा साठा. पाहुणा आला असेल तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझा नवरा मुद्दाम कॅन्टीनमध्ये पोट भरून यायचा आणि दोन घास खाऊन उठायचा, बाईंचा हिशेब चुकावा म्हणून. दोन वर्षं बाईंनी काही म्हटलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याचे डबे एकदम वाढले. “धाकटे बाहेर खाऊन येतात,” बाई म्हणाल्या. “बाहेरचं बंद पडलं की काय खातील?”

मी गरोदर असताना त्या मापात मला दीड माणूस धरत होत्या. आणि तसं मोठ्यानं म्हणायच्या, शेजारणीसमोर. “ही सध्या दीड आहे.”

हे सगळं कशासाठी, ते मला सासूबाईंनी सांगितलं. बाई नोकरीला लागल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी पावसात गावाचा एकुलता रस्ता खचला आणि एकोणीस दिवस एकही ट्रक येऊ शकला नाही. वसतिगृहात दीडशे मुलींची हजेरी. प्रत्यक्षात त्यातल्या अडतीस जणी आधीच रजेवर गेलेल्या होत्या, पण कोठीला तसं कुणी कळवलंच नाही. पहिले पाच दिवस दीडशे जणींचं शिजलं आणि अडतीस ताटांचं रोज फेकलं गेलं. पुढं तेच अन्न कमी पडलं. शेवटचे चार दिवस मुलींनी मिठाचं पाणी आणि मूठमूठ वाटाणे खाऊन काढले. दोघी चक्कर येऊन जिन्यावरून पडल्या, त्यातल्या एकीचा पाय कायमचा गेला. चौकशीत बाईंना कुणी दोषी धरलं नाही. बाईंनी मात्र स्वतःला धरलं. तेव्हापासून त्यांचा नियम एकच, ताटं किती आहेत ते त्याच दिवशी कळलं पाहिजे. एक माणूस गेलं की वॉर्डनकडून चिठ्ठी यायची, ‘आजपासून एक कमी’, आणि त्याच क्षणी शिधा कमी व्हायचा.

मला ही गोष्ट ऐकून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं मला पुढं पुरलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, वरून कुणीतरी वीज सुरू केली. मुलगी आठ वर्षांची होती. घरात माणसांची रीघ लागली होती, मी कोपऱ्यात बसून होते, कोण काय बोलतंय ते कानावर पडत होतं पण आत शिरत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून डबे सरकवल्याचा आवाज आला. मी उठून गेले. बाई स्टुलावर चढून ‘धाकटे’ लिहिलेला खण रिकामा करत होत्या. डबे एकेक करून खाली आले, ओट्यावर गेले, सुरीनं मेण खरवडलं गेलं.

“ताई, काय करताय हे?”

“एक कमी,” त्या म्हणाल्या. माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. “माल तसाच राहिला तर किडतो. आधी हा संपवायचा, मग बाकीचा.”

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माणूस आहात की काय, एवढं आठवतं. तुमच्या छातीत काळीज आहे की वजनकाटा, हेही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग त्यातल्या एका डब्यातले तांदूळ मोजून पातेल्यात घातले आणि पाणी ओतलं.

दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, आई, तू नाही जेवलीस तर मीपण नाही. मग मी बसले. एका माणसाचा सहा महिन्यांचा साठा, त्यात माझ्या नवऱ्याचा तर चढ्या मापाचा. पाच माणसांना तो सव्वा महिन्याहून जास्त पुरला. दीड महिना मी माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या वाट्याचं जेवले, दोन्ही वेळ. त्याचा भात, त्याची डाळ, त्याच्या साखरेचा चहा. घास गिळताना दरवेळी मला बाईंचा गळा धरावासा वाटायचा. डबे संपले त्या दिवशी त्यांनी ‘धाकटे’ लिहिलेला कागद ओल्या फडक्यानं भिजवून काढला आणि खणात काड्यापेट्या रचल्या. तेवढ्यासाठी मी त्यांना कधीच माफ केलेलं नाही. आताही केलेलं नाही.

दुसरं वर्ष लागलं आणि थोरल्या दिरांच्या डोक्यात वेगळंच शिजू लागलं. ते वीज कंपनीत मीटर वाचायचे. आयुष्यभर लोकांच्या दारात उभे राहिले, आणि आता स्वतःच्या दारातनं चार पैसे यावेत असं त्यांना वाटत होतं. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी आणि माझी मुलगी राहतो. त्या खोल्यांना रस्त्याकडं दार आहे. त्यांना एक दातांचा डॉक्टर भेटला, दवाखान्यासाठी जागा शोधणारा.

एका सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्यांनी विषय काढला. मोठ्या मायेच्या आवाजात.

“हे बघ, तू काही परकी नाहीस. पण तुझं वय काय, तुला इथं काय राहिलंय? भावाकडं गेलीस तर तुलाही आधार, पोरीलाही मामा. एक तारखेपासून डॉक्टर येतो म्हणतोय.”

भावाकडं. माझ्या भावाच्या घरात दीड खोली, आणि त्याच्या बायकोनं अंत्यविधीलाच मला बाजूला घेऊन सांगितलेलं, “आमच्याकडं जागा असती तर नक्की म्हटलं असतं.” मी शिवणकाम करते, उसवलेलं शिवते, पडदे करते. त्यावर दोघींचं पोट निघतं, वेगळं घर निघत नाही. हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी सासूबाईंकडं पाहिलं. घर त्यांच्या नावावर होतं, सही त्यांची लागणार होती. पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना खाऊ घालणं, न्हाऊ घालणं सगळं बाईंच्या हातात. बाई सांगतील तिथं त्या अंगठासुद्धा उठवतील. म्हणून मग मी बाईंकडं पाहिलं.

बाई बशी पुसत होत्या. “कधीपासून म्हणालात?”

“एक तारखेपासून.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि बशी जागेवर ठेवली.

बस. दुसरा शब्द नाही. तेरा वर्षं मी या बाईच्या काट्यासमोर ताट घेऊन उभी राहिले आणि ही माझ्यासाठी एक ‘का’सुद्धा विचारू शकली नाही. मी उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर मला एक वाईट खोड लागली. रोज सकाळी बाई मागची खोली झाडायला उघडायच्या, तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून दारातून आत डोकवायची. ‘ती’ आणि ‘तिची’ हे दोन खण भरलेले आहेत का ते बघायला. ज्या कागदानं माझा इतका अपमान झाला होता, तो जागेवर दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा. डबे आहेत तोवर आपण या घरात आहोत, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाई कुणाशी खोटं बोलतील, पण त्या मांडणीशी नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटायची की विचारू नका. पण बघितल्याशिवाय मशीनवर पाय पडायचा नाही.

डॉक्टर एकदा येऊन टेप लावून खोल्या मोजून गेला. माझ्या शिलाई मशीनकडं बघून तो म्हणाला, “हे इथून निघेल ना?” थोरले दीर म्हणाले, “निघेल, निघेल.” मी तिथंच उभी होते.

महिना संपायला दोन दिवस राहिले होते. मुलीचे कपडे मी ट्रंकेत भरायला घेतले होते, कुठं जायचं ते ठरलं नव्हतं तरी. सकाळी सातच्या सुमाराला मागच्या खोलीतून पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखत होते.

मी तशीच धावत गेले आणि दारातूनच तोंड सोडलं. त्या दिवशी माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. म्हटलं, नवऱ्याचे चौथ्या दिवशी उतरवलेत, आमचे तर आम्ही जिवंत असतानाच उतरवा. म्हटलं, वजनं करून करून तुमच्या हाताला माणूस कळेनासा झालाय. त्या मुलींना उपाशी ठेवलंत त्याचं पाप आमच्या ताटात फेडताय, हेसुद्धा म्हटलं, आणि ते बोलायला नको होतं हे बोलतानाच कळलं. म्हटलं, माझ्या पोरीच्या वाट्याचं दूध आता तुम्ही चहात घालून प्याल आणि तुम्हाला गोड लागेल. शेजारची खिडकी उघडली. सासूबाई आतून विचारत होत्या, काय झालं, काय झालं. मी रडत होते, ओरडत होते, आणि बाई जमिनीवर बसून सुरीनं मेण खरवडत होत्या.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, “झालं? मग तो डबा इकडं दे. माझा हात पोचत नाही.”

मी डब्याकडं पाहिलं, मग मांडणीकडं. ‘ती’ भरलेला होता. ‘तिची’ भरलेला होता. त्यांच्या वरचा खण निम्मा रिकामा होता आणि त्याच्यावर लिहिलं होतं, ‘हे’.

मी डबा उचलून त्यांच्या हातात दिला.

नाश्त्याला थोरले दीर नेहमीसारखे वर्तमानपत्र घेऊन बसले. बाईंनी त्यांच्यासमोर बशी ठेवली, चहा ठेवला, आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं.

“आजपासून तुमचं काढलंय.”

“माझं काय काढलंय?”

“मागचं. तुमचा खण. दोन महिन्यांत संपेल.”

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर आधी हसले. “वेडी झालीस का? मी कुठं चाललोय?”

“ते तुमचं तुम्ही बघा. घरातनं माणसं कमी करायची म्हणालात. ही आणि हिची पोर, दोघींचं मिळून वर्षाला जेवढं लागतं, त्याच्यापेक्षा तुमचं एकट्याचं जास्त भरतं. वहीत आहे. दोन ताटं काढण्यापेक्षा एक काढलं.”

“ए, हे बघ, थट्टा पुरे.”

“मी कधी केलीय थट्टा?”

नव्हती केली, हे खरं. लग्नापासून कधीच केली नसावी. थोरल्या दिरांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मीच हे घडवून आणलं. मग ते ओरडायला लागले. घर कुणाचं, कमावलं कुणी, बायकांना डोक्यावर बसवलं की असं होतं. बाईंनी तोवर सासूबाईंची बशी भरली आणि आत नेली. आतून सासूबाईंचा आवाज आला, “त्याला म्हणावं हळू बोल, आणि मला साखर जास्त घाल.”

डॉक्टर एक तारखेला आला. बाईंनीच दार उघडलं. “खोली रिकामी नाही,” एवढं सांगितलं आणि लावून घेतलं. सही झालीच नव्हती. थोरल्या दिरांनी आईकडं कागद नेला होता, तर त्या म्हणाल्या, आधी थोरल्या सुनेला विचारते.

त्या दिवशी दुपारी बाई एकट्या ओट्यापाशी होत्या. मी गेले. आभार कसे मानायचे ते मला सुचेना, दोन दिवसांपूर्वीच्या शिव्या कशा परत घ्यायच्या तेही सुचेना.

“ताई, तुम्ही माझ्यासाठी...”

“तुझ्यासाठी काही केलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “तो दातवाला आणि त्याचे रोगी. किती माणसं येणार, किती खाणार, कुणाला ठाऊक? मला घरात मोजलेली माणसं लागतात. आणि त्या मुलींचं परत काढलंस तर मुस्काटात देईन.”

मी बरं म्हटलं. त्या पुन्हा कांदे चिरायला लागल्या.

मला वाटलं होतं, दोन महिने उलटले, थोरल्या दिरांना धडा मिळाला, की बाई त्यांचा खण पुन्हा भरतील. नाही भरला. डबे धुऊन, उन्हात वाळवून, उपडे ठेवून दिले. ‘हे’ हा कागद काढून टाकला. दिरांनी एकदा स्वतः तांदळाचं पोतं आणून खोलीत ढकललं. बाईंनी ते बाहेर ओढलं आणि रोजच्या डब्यात ओतलं, आठवड्याभरात आम्ही सगळ्यांनी मिळून संपवलं. त्यांनी कागदावर स्वतःचं नाव लिहून चिकटवलं. दुसऱ्या दिवशी त्या जागी पाण्याच्या बाटल्या होत्या.

याला आता तीन वर्षं झाली. ते याच घरात राहतात, याच टेबलावर जेवतात, बाई त्यांना गरम वाढतात, औषध वेळेवर देतात, सदऱ्याला बटण लावतात. भांडण म्हणाल तर नाही. फक्त मापाच्या आठवड्यात ते ताट घेऊन ओट्यापाशी येतात, तेव्हा बाई काट्याकडं न वळता सरळ वाढून मोकळ्या होतात. पहिल्या वर्षी ते मुकाट्यानं जाऊन बसले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, माझं राहिलं. बाई म्हणाल्या, “जेवा, गार होईल.”

यंदा मात्र त्यांचा धीर खचला. गेल्या महिन्यात धरणावरचं पाणी चार दिवस बंद होतं, बाजारात पाव मिळेना, लोक दुकानांसमोर रांगा लावून एकमेकांवर धावून जात होते. बाईंनी काही उघडलं नाही, तेवढी वेळ आली नव्हती. पण उघडायची वेळ आली असती तर कुणाला काय मिळालं असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि बाई वेळ आली म्हणून नियम मोडणाऱ्यांतल्या नाहीत.

त्यानंतर एका दुपारी मी मशीनवर बसले होते. थोरले दीर पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. बराच वेळ चौकटीवरचा रंग नखानं कुरतडत होते.

“तुझं ऐकते ती,” ते म्हणाले.

“माझं? माझ्याशी दिवसातून चार वाक्यं बोलत नाहीत.”

“माझ्याशी तेवढीही नाही. तू एकदा विचारून बघ ना. माझं पुन्हा माप घे म्हणावं. सगळं नको, थोडं ठेवलं तरी चालेल.” मग म्हणाले, “या वयात मी कुठं जाणार?”

सत्तरीचा माणूस. डोळ्यांत पाणी होतं. त्याच दारातून त्यांनी डॉक्टरला सांगितलं होतं, निघेल, निघेल. मला त्यांची दया आली, हे खरं आहे. आणि दया आली तरी माझे पाय मशीनवरून हलले नाहीत, हेही खरं आहे.

“विचारते,” मी म्हटलं.

त्याला आज नऊ दिवस झाले. बाई रोज सकाळी मागची खोली झाडतात, मी दारातून जाते, आणि मी अजून विचारलेलं नाही.